विशेषण जपून लावावे
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



सातवी शिकलेल्या बाईने इंग्रजी शब्दांवर बोलावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. पण माझ्या एका शब्दाने घरात रडारड झाली, म्हणून बोलते.

माझ्या भाचीसाठी अमेरिकेत वाढलेल्या मुलाचे स्थळ आले होते. तिची माहिती मी हौसेने इंग्रजीत लिहिली. मुलगी घर सांभाळणारी आहे, या अर्थाने ‘होमली’ असा शब्द घातला. आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिरातींत तो नेहमी असतो. माहिती गेली, आणि चार दिवसांनी भाचीने शब्दकोश माझ्यापुढे ठेवला. इंग्लंडात होमली म्हणजे साधे, घरगुती. अमेरिकेत मात्र माणसाला होमली म्हटले, की दिसायला सुमार! आधीच दोन स्थळांनी तिला रूपावरून नाकारले होते. “मावशी, तूसुद्धा?” एवढेच ती म्हणाली. त्या दिवशी मला घास गोड लागला नाही.

मग मी तिच्याकडूनच धडे घेतले. मराठीत आपण किती जपून बोलतो! बाळ गुटगुटीत असते. लठ्ठ म्हटले तर त्याची आई लगेच दृष्ट काढील. मुलगी सडपातळ असते. हडकुळी म्हटले की भांडण. इंग्रजीतही तसेच आहे. स्लिम म्हणजे सडपातळ, त्यात कौतुक आहे. थिन म्हणजे नुसते बारीक. स्किनी म्हणजे हडकुळे. बाळाला चबी म्हणावे, फॅट म्हणू नये. अंगाने भरलेल्या बाईला आपण सभ्यपणे ‘हेल्दी’ म्हणतो. पण इंग्रज माणूस त्याचा अर्थ निरोगी एवढाच घेतो. माणूस आणि झाड टॉल, डोंगर आणि भिंत हाय. स्मॉल हे नुसते माप. लिटलमध्ये आपल्या ‘इवल्याशा’ची माया असते.

भाचीने माहिती पुन्हा स्वतः लिहिली. उंची पाच फूट दोन इंच, शिक्षण अमुक, आवडी अमुक. रूपाचे विशेषण एकही नाही! ते स्थळ काही जुळले नाही. पण भाची माझ्याशी पुन्हा हसून बोलू लागली, हे मला मोठे वाटते.

मैत्रिणींनो, शब्द इंग्रजी असो की मराठी, दुसऱ्याच्या अंगाला लावण्याआधी तो मनातल्या मनात आपल्याला लावून पाहावा. बोचला, तर तिथेच ठेवावा.