निवृत्तांच्या वसाहतीतील हिरवळ



म्हैसूर नगरीला ‘पेन्शनरांचे नंदनवन’ ही पदवी फार पूर्वीपासून लाभली आहे. नोकरीच्या निमित्ताने येथे आलेली आणि येथलीच होऊन गेलेली आपल्यातील कित्येक कुटुंबे आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभी आहेत. कोणी राहते घर विकून, कोणी भविष्यनिर्वाह निधीची रक्कम घालून ज्येष्ठांच्या वसाहतीत घर घेऊ पाहत आहेत. अशा वसाहतींच्या रंगीत माहितीपत्रकांत गोल्फचे मैदान, पोहण्याचा तलाव आणि क्लब यांची चित्रे अग्रभागी असतात. आयुष्याची शिल्लक एकदाच खर्च व्हायची असते. म्हणून ही करमणुकीची साधने कशी पारखावीत, एवढाच विषय आम्ही आज घेतला आहे.

ही कल्पना रूढ केली ती अमेरिकेने. अ‍ॅरिझोना राज्यात डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने १ जानेवारी १९६० रोजी ‘सन सिटी’ ही निवृत्तांची नगरी खुली केली. गोल्फचे मैदान, करमणूक केंद्र आणि दुकाने त्या दिवशी पाहुण्यांना प्रत्यक्ष पाहता आली. या यशाचे मर्म आपण ध्यानी घ्यावे: जे उभे आहे त्याचे मोल द्यावे, जे नकाशावर आहे त्याचे देऊ नये.

गोल्फ हा खेळ वृद्धांना मानवतो, यात शंका नाही. चार तास मोकळ्या हवेत चालणे घडते, आणि हँडिकॅपच्या पद्धतीमुळे सत्तरीतला गृहस्थ आपल्या मुलाशीही बरोबरीने खेळू शकतो. परंतु अठरा होलच्या मैदानाला साधारणपणे शंभराहून अधिक एकर जमीन लागते. तिच्यावरील गवताला पाणी, खत आणि माळी लागतात, आणि मैदान वसाहतीचे असेल तर तो भार बहुधा न खेळणाऱ्यांच्याही मासिक आकारणीत उतरतो. अमेरिकेतही २००६ नंतर बरीच वर्षे नव्या मैदानांपेक्षा बंद पडणारी मैदाने अधिक होती. आपल्या म्हैसुरात जयचामराज वडियार गोल्फ क्लबचे मैदान रेसकोर्सच्या परिसरात आहेच. ज्यांना खरोखर खेळायचे आहे, त्यांनी हिरवळीकाठचे घर शोधण्याआधी सभासदत्वाची चौकशी करावी.

उरलेल्यांसाठी कुक्करहळ्ळीचे तळे आहे. तिसऱ्या कृष्णराज वडियारांच्या कारकिर्दीत, १८६४ साली, ते बांधले गेले. पहाटे त्याच्या काठाने फिरणाऱ्यांत नुकतेच निवृत्त झालेले जसे दिसतात, तसे काठी टेकत चालणारेही दिसतात. चामुंडीच्या हजार पायऱ्या साठीत चढता येतात, ऐंशीत येतीलच असे नाही. सपाट, सावलीची वाट मात्र अखेरपर्यंत सोबत करते. प्रत्येक सोय पाहताना हाच प्रश्न विचारावा: ऐंशीव्या वर्षी ही आपल्या उपयोगी पडेल काय?

केंद्र सरकारने २०१९ साली निवृत्तांच्या निवासांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत उतरणी, आधाराचे दांडे, न घसरणारी फरशी अशा साध्या गोष्टींवर भर आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने जाहिरातीतील खोट्या विधानाची जबाबदारीही विकसकावर टाकली आहे. तथापि माहितीपत्रक जपून ठेवावे आणि प्रत्येक सोय करारनाम्यात लिहून घ्यावी.

शेवटी एक नाजूक गोष्ट. घर दोघे मिळून घेतात; पुढे एकालाच तेथे राहण्याची वेळ येते. मुले परदेशी, शेजार परभाषिक, आणि घरातील ज्येष्ठ स्त्रीला कन्नड बाजारापुरतेच येत असेल, तर क्लबमधील बिलियर्डचे टेबल तिला काय सोबत करणार? तिला हवी असते आपल्या भाषेत ‘जेवण झालं का?’ असे विचारणारी एखादी शेजारीण, चार पुस्तके आणि भजनाला नेऊन आणणारे वाहन. म्हणून निर्णय घेताना तिचे मत आधी घ्यावे, आणि शक्य तेथे दोनचार मराठी कुटुंबांनी मिळून एकाच वसाहतीत घरे पाहावीत.

मंडळाने पन्नास वर्षे गणेशोत्सव आणि नाटके हौसेने केली. पुढील काळात कार्यक्रम तळमजल्यावर, दिवसाउजेडी आणि ने-आण करण्याच्या सोयीसह व्हावेत, अशी आमची नम्र सूचना आहे. तेवढे झाले, तर ज्येष्ठांना हिरवळीची उणीव फारशी भासणार नाही.