यंत्रबुद्धीस लागणारें इंधन
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंतील भाषण)



कृत्रिम बुद्धिमत्ता ही कांहीं अशरीरी वस्तु आहे, असा पुष्कळांचा समज दिसतो. वास्तविक तिला शरीर आहे. अहोरात्र चालणाऱ्या गणकयंत्रांनीं भरलेलीं विस्तीर्ण भांडारें, ज्यांस डेटा सेंटर म्हणतात, तें हें शरीर होय. त्यास वीज लागते, आणि तापलेलीं यंत्रें निवविण्यास बहुधा पाणीही लागतें.

आयर्लंड देशाचें उदाहरण घ्या. तेथें मोजलेल्या एकंदर विजेपैकीं या भांडारांचा वाटा २०१५ सालीं शेंकडा ५ होता. २०२३ सालीं तो शेंकडा २१ झाला. त्याच वर्षीं देशांतील साऱ्या शहरी घरांनीं मिळून शेंकडा १८ वापरली! हा सर्व भार यंत्रबुद्धीचा नव्हे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण ती त्यांत भर घालीत आहे.

एका प्रश्नास पाण्याचे सुमारें पांच थेंब लागतात, असा हिशोब गूगल कंपनीनें आपल्या जेमिनीविषयीं २०२५ सालीं दिला. असेलही, परंतु प्रश्न कोट्यवधि, आणि वीज उत्पन्न करतांना खर्ची पडणारें पाणी त्यांत धरलेलेंच नाहीं.

उपाय आहेत. डब्लिनजवळ टाला येथें २०२३ सालापासून अशा एका भांडाराची वाया जाणारी उष्णता नळांवाटे नेऊन तंत्रविद्यापीठाच्या इमारती उबदार ठेवितात. लहान कामास लहान यंत्र योजणें, हाही एक उपाय. मला मात्र पहिली निकड वाटते ती पुऱ्या हिशोबाची. नवी मुंबईंतही अशीं भांडारें उभीं राहत आहेत. त्यांची वीज किती, पाणी किती व कोठून, हें तेथील रहिवाशांनीं आतांच विचारावें.