सामाईक संगणकाची किल्ली

जुन्या ग्रंथालयांत पुस्तकांच्या कपाटांना कुलपे असत आणि किल्ल्यांचा जुडगा ग्रंथपालाच्या मेजावर असे. वाचकाने चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहून द्यावे, ग्रंथपालाने उठून कपाट उघडावे आणि पुस्तक त्याच्या हाती ठेवावे, अशी रीत होती. ती गैरसोयीची होती खरी. पण तीत लपवाछपवी नव्हती. कुलूप दिसत होते, किल्ली कोणापाशी आहे हे ठाऊक होते आणि काचेआड कोणते पुस्तक आहे हेही वाचता येत होते. आज त्याच दालनाच्या कोपऱ्यात संगणक येऊन बसला आहे. कुलूप त्यालाही आहे. मात्र ते दृष्टीस पडत नाही. एखादे पान उघडले नाही, तर ते यंत्राच्या दोषाने, तारेच्या दोषाने की कोणी मुद्दाम अडविल्यामुळे, हे समोर बसलेल्याला सांगता येत नाही. म्हणून सामाईक संगणकावर एकाने दुसऱ्याची वाट किती अडवावी, हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून ग्रंथालयाला मोकळे होता येत नाही.

कपाटे उघडण्याचा इतिहास मराठी वाचकाला परका नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून बोर्डन नावाच्या ग्रंथपालास बोलावून आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली आणि वाचकाला थेट कपाटापाशी जाण्याची मुभा दिली. पुढे १९३१ साली डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, तेव्हा पुस्तके वापरासाठी आहेत हे सूत्र त्यांनी सर्वांत आधी ठेवले. पुस्तके चोरीस जातील, फाटतील, ही भीती तेव्हाही घातली जात होती. संगणकाविषयी आज नेमकी हीच भीती सांगितली जाते, आणि ती सर्वस्वी खोटी नाही.

बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील मंठाळ आणि त्याच्या आसपासची गावे यांना बंदीचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९२९ च्या सुमारास निघालेल्या ‘गश्ती निशान ५३’ या हुकुमाने जाहीर सभेला पूर्वपरवानगीची अट घातली होती. व्याख्यान करायचे तर आधी अर्ज, आणि परवानगी देणारा अधिकारी दूरच्या कचेरीत. उच्च शिक्षणासाठी उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, पण माध्यम उर्दू. अशा राज्यात मराठी, कन्नड आणि तेलुगू ग्रंथालये केवळ वाचनाच्या हौसेने निघाली नाहीत. लोकांना एकत्र बसण्याचे निमित्त हवे होते आणि वर्तमानपत्राचे सामुदायिक वाचन हे त्यातले सर्वांत निरुपद्रवी दिसणारे निमित्त होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, बिदर म्हैसूर राज्यात गेले, उदगीर-निलंग्याकडचा भाग मुंबई राज्यात गेला. सोयरीक दोन्हीकडे, कचेऱ्या मात्र वेगळ्या. असे अनुभव गाठीशी असलेल्या समाजाने आपल्याच ग्रंथालयातील कुलपाकडे थोडे बारकाईने पाहावे, ही अपेक्षा वावगी नव्हे.

सामाईक संगणक आणि त्यावरचे निर्बंध यांचा जन्म एकत्रच झाला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ साली एकच मोठे यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात आणि प्रत्येकाचा वेळ मोजला जावा म्हणून परवलीचा शब्द आला. १९६२ साली ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला वेळ पुरेना. त्याने परवलीच्या शब्दांची फाईलच यंत्राकडून छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम चालू ठेवले. ही कबुली त्याने कित्येक वर्षांनी दिली. बिचाऱ्याला कोणाचे गुपित नको होते, प्रबंध पुरा करायला घटका हव्या होत्या. कामाच्या माणसाला अपुरा वेळ दिला की तो भिंत ओलांडतो, हे त्या यंत्राने वर्षभरातच दाखवून दिले.

आजच्या संगणकातही रचना तत्त्वतः तीच आहे. एक खाते व्यवस्थापकाचे, बाकीची साध्या वापरकर्त्यांची. व्यवस्थापक नवे सॉफ्टवेअर बसवू शकतो, यंत्राची मांडणी बदलू शकतो, इतरांची खाती उघडू-मिटवू शकतो. साधा वापरकर्ता आपल्या खोलीत काय हवे ते करो. घराचा पाया खणण्याची त्याला मुभा नाही. हा निर्बंध सर्वस्वी योग्य आहे, कारण तो पुढच्या वाचकासाठी आहे. एकाने कुठून तरी उतरविलेला विषाणू दहा जणांच्या माथी बसू नये, एकाने बँकेचे किंवा टपालाचे खाते उघडे टाकले तर ते दुसऱ्याच्या हाती लागू नये. पुष्कळ ठिकाणी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की आदल्या वाचकाच्या सगळ्या खुणा पुसल्या जातील, अशी सोय करून ठेवतात. मायक्रोसॉफ्टनेही शाळा-ग्रंथालयांसाठी असे एक साधन काही वर्षे विनामूल्य दिले होते. २०१० च्या अखेरीस ते मागे घेतले. शेतकरी भूमी योजनेतील पहाणी पाहायला येतो, विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला येतो. दोघांचेही आधार क्रमांक त्या पडद्यावर उमटतात. ते पुसले जाणे ही सोय नव्हे, गरज आहे.

पण या योग्य निर्बंधाचीही एक गंमत पाहण्यासारखी आहे. गंमत म्हणायची, पण ती ज्यांच्यावर गेली त्यांना हसू आले नसेल. विंडोज एक्सपी ही प्रणाली २००१ साली आली आणि पुढे अनेक वर्षे गावोगावच्या संगणकांवर नांदली. तीत देवनागरी नीट दिसण्या-लिहिण्यासाठी भारतीय लिप्यांची सोय वेगळी सुरू करावी लागे. त्याला मूळ तबकडी लागे आणि व्यवस्थापकाचा अधिकार लागे. मर्यादित खात्यावर बसलेल्या वाचकाला ते करता येत नसे. व्यवस्थापकाला इंग्रजी पुरेसे वाटले, की मराठी पानावर मोडकी जोडाक्षरे नाहीतर नुसते चौकोन. मराठीवर बंदी घालावी असे कोणाच्याही मनात नव्हते. तरीही मराठी वाचक मराठी पुस्तकांच्या दालनात बसून चौकोन पाहत राही. हुकूम न काढताही बंदी कशी घडते, याचा याहून घरचा दाखला शोधावा लागणार नाही.

यंत्र सांभाळणे वेगळे आणि वाचन अडविणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात गाळणी येते. ठराविक संकेतस्थळे उघडू नयेत किंवा ठराविक शब्द असलेली पाने अडावीत, अशी ती योजना. ती एका खात्यापुरती लावता येते, संपूर्ण यंत्राला लावता येते, किंवा जोडणी वाटणाऱ्या राउटरवर लावून सगळ्यांना एकदम लागू करता येते. अमेरिकेत डिसेंबर २००० मध्ये कायदा झाला की केंद्राचे ठराविक अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांनी अश्लील चित्रांवर गाळणी लावलीच पाहिजे. ग्रंथालय संघटना न्यायालयात गेली. गाळणी अश्लीलतेबरोबर आरोग्याची आणि शरीरशास्त्राची पानेही अडवते, स्तनाच्या कर्करोगाची माहिती शोधणारी स्त्रीही त्यात सापडते, अशी तक्रार गाळण्यांविरुद्ध तेव्हा होत होती. जून २००३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा वैध ठरविला. मात्र प्रौढ वाचकाने मागताच ग्रंथपालाने गाळणी उठवून द्यावी, ही वाट त्या निकालात महत्त्वाची ठरली. वाचकाने मागायचे म्हणजे विषय बोलून दाखवायचा. लहान गावात ग्रंथपाल ओळखीचा, बहुधा नात्यातलाही असतो. कोणती सून उठून त्याला सांगेल की मला अमुक आजाराचे पान पाहायचे आहे? आणि इंग्रजी शब्दांवर पोसलेली गाळणी मराठी, कन्नड, उर्दू या तिन्ही लिप्यांतील मजकुराशी धड वागेल याची खात्री कोणी द्यावी?

आपल्याकडे हा विषय प्रथम सायबर कॅफेच्या निमित्ताने न्यायालयासमोर आला. २००१ साली मुंबई उच्च न्यायालयाने मुलांना अश्लील मजकुरापासून वाचविण्याचे उपाय सुचविण्यासाठी समिती नेमली. पुढे ११ एप्रिल २०११ रोजी केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम काढले. ओळखपत्र पाहावे, नोंदवही ठेवावी, कोणी कोणती स्थळे पाहिली याची नोंद किमान वर्षभर जपावी, आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नसावी. हे नियम धंद्याच्या ओघात इंटरनेट पुरविणाऱ्यांसाठी लिहिलेले. त्यांचे अनुकरण मात्र धंदा नसलेल्या ठिकाणीही होऊ लागते आणि मग ग्रंथालयाच्या मेजावर अशी वही येते, की कोणी काय वाचले ते कोणालाही चाळता यावे. निजामाच्या काळात कोण कोणते वर्तमानपत्र वाचतो हे टिपणारी माणसे असत. त्यांना पगार तरी मिळत असे!

वेळेच्या निर्बंधाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. केरळात कोळिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल वापरण्यास मनाई झाली. एका विद्यार्थिनीने ती मानली नाही, तेव्हा तिला वसतिगृहातून काढण्यात आले. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घेण्याचा आदेश दिला आणि इंटरनेटची उपलब्धता ही शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले.

त्याच्या शेजारी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ठेवून पाहावे. करोनाच्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्गांमुळे मुलांच्या हाती मोबाइल गेले ते परत येईनात, तेव्हा सरपंचांनी आधी गावातील स्त्रियांशी विचारविनिमय केला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रामसभेत ठरले. रोज संध्याकाळी सातला मंदिरावरील भोंगा वाजतो. दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत अभ्यास आणि वाचन. तासांची मोजणी केली तर वसतिगृहाची मनाई अधिक लांब, पण फरक तेवढाच नाही. वडगावात मुलाचा मोबाइल बंद होतो तेव्हा बापाची मालिकाही बंद होते. नियम उघड आहे, सर्वांना ऐकू येतो आणि त्याचा शेवटही ऐकू येतो. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी केली. तेथे भार मुलांवरच टाकला गेला. मोठ्यांनी स्वतःसाठी काही सोडल्याचे दिसले नाही.

घरातील सामाईक संगणकावर या दोन्ही तऱ्हा रोज चालतात. किल्ली बहुधा थोरल्या भावापाशी असते, कारण त्याने ते यंत्र प्रथम हाताळलेले असते. बहिणीच्या खात्यावर वेळेची मर्यादा, स्थळांची यादी, कधी तर ती काय टंकते तेही नोंदविणारे छुपे साधन. त्याच्या स्वतःच्या खात्यावर काहीच नाही. काळजीपोटी केले असे तो सांगतो आणि ते त्याला खरेही वाटत असते. दहा वर्षांच्या मुलाला रात्री अकराला खेळापासून उठविणे हे आईवडिलांचे काम आहे, त्यासाठी यंत्राची मदत घेण्यात वाईट काही नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीचे टपाल चोरून वाचणे हे मात्र त्याच कामाचा पुढचा भाग नव्हे. बरे, खिशातल्या मोबाइलवर वेगळी जोडणी असतेच; म्हणजे घरच्या संगणकाची बंदी शेवटी ज्याच्याजवळ मोबाइल नाही त्यालाच लागते.

इंटरनेट बंद करण्याच्या सरकारी आदेशांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितले, की असा आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, तो प्रमाणाबाहेर नसावा आणि त्याचा वेळोवेळी फेरविचार व्हावा. हे सरकारसाठी होते. पण ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळालाही त्यात घेण्यासारखे आहे. संगणकाशेजारी एक फलक असावा. कोणत्या प्रकारची स्थळे अडविली आहेत, कोणी ठरविले, कोणत्या सभेत ठरले आणि पुन्हा केव्हा पाहिले जाईल, हे त्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहावे. अडलेले पान उघडून हवे असेल तर विषय न सांगता, केवळ पत्ता चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकता यावा. मुलांचा संगणक वेगळा आणि मोकळ्या जागी, मोठ्यांचा वेगळा. व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द एकाच हुशार कार्यकर्त्याच्या डोक्यात न राहता बंद पाकिटात चिटणिसांच्या कपाटात असावा. तो कार्यकर्ता नोकरीसाठी पुण्याला गेला की यंत्र मुके होते, हा प्रकार अनेक संस्थांना ठाऊक आहे.

कर्नाटकात ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांना अलीकडे ‘अरिवु केंद्र’ असे नाव मिळाले आणि त्यांतल्या अनेकांत संगणक आले. अरिवु म्हणजे जाणीव, ज्ञान. हा शब्द शरणांच्या वचनांत वारंवार येतो आणि ती परंपरा बाराव्या शतकात ज्या कल्याणात बहरली, ते मंठाळच्या तालुक्याचेच ठिकाण आहे. तिथल्या मराठी मुलाला संगणकासमोर बसून कन्नड अर्ज भरायचा असतो आणि मराठी धडा वाचायचा असतो. दोन्ही कळफलक त्याच्या खात्यावर चालू आहेत की नाहीत, एवढे प्रथम पाहून घ्यावे.