मैत्री आणि सावधानता
(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा संपादित अंश)



शत्रू आपल्यावर पाळत ठेवतो, याचे कुणालाच नवल वाटत नाही. परंतु मित्र म्हणविणारे राष्ट्रही तेच करते, हे ऐकले की सज्जन मन व्यथित होते. या व्यथेपलीकडे जाऊन आज विचार करायचा आहे.

ऑक्टोबर २०१३ मध्ये जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सलर अँजेला मर्केल यांच्या भ्रमणध्वनीवर अमेरिकी हेरखात्याची नजर असल्याचे वृत्त आले. मित्रांमध्ये हेरगिरी मुळीच चालणार नाही, असे त्यांनी सुनावले. मात्र २०१५ मध्ये जर्मनीची बीएनडी ही गुप्तचर संस्थादेखील युरोपातील मित्रदेशांवर पाळत ठेवत होती, हे उघड झाले. इतरांना नीतिपाठ देणाऱ्याचे स्वतःचे घरही याला अपवाद नव्हते.

याहून बोलके उदाहरण फेब्रुवारी २०२० मध्ये जगासमोर आले. स्वित्झर्लंडमधील क्रिप्टो एजी ही कंपनी गुप्त संदेशांची यंत्रे शंभराहून अधिक देशांना विकत असे. तटस्थ देशाची कंपनी म्हणून सर्वांचा तिच्यावर विश्वास. प्रत्यक्षात १९७० पासून तिची मालकी गुपचूप सीआयए आणि बीएनडी यांच्याकडे होती. संदेश आपल्याला सहज उलगडता यावेत, अशीच यंत्रांची रचना त्यांनी करून घेतली होती. इटली, ग्रीस, तुर्कस्तान हे नाटोतील सहकारीही यातून सुटले नाहीत. ग्राहकांमध्ये आपला भारतही होता. कुलूप आपण विकत आणले. दुसरी किल्ली विकणाऱ्याच्याच खिशात राहिली.

२०१४ मध्ये आणखी एक गोष्ट प्रसिद्ध झाली. अमेरिकेने २०१० मध्ये ज्या परकीय राजकीय पक्षांवर पाळत ठेवण्यास अनुमती दिली, त्यांत भारतीय जनता पक्षाचे नाव होते. भारताने अमेरिकी राजनैतिक अधिकाऱ्यास पाचारण करून आक्षेप नोंदविला. ते योग्यच झाले. परंतु निषेधाच्या खलित्याने कान बंद होत नाहीत.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. शत्रूप्रमाणेच मित्र, मध्यम आणि उदासीन राजांकडेही हेर नेमावेत, असे आचार्य कौटिल्यांनी अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात सांगितले आहे. राज्ये हितसंबंधांवर चालतात, हे त्यांनी ओळखले होते.

मग कुणाशी मैत्रीच करू नये काय? तसे नव्हे. एवढे होऊनही जर्मनी आणि अमेरिका नाटोत एकत्रच राहिले. मैत्री जरूर करावी; पण तिच्या भरवशावर आपली गुपिते सोडू नयेत. संकेतलिपी आपली, यंत्रे आपली आणि ती घडविणारे गणितज्ञ व अभियंतेही आपले असले पाहिजेत. त्यासाठी आपल्या घरातील बुद्धिमान मुलामुलींनी या शास्त्राकडे वळावे. स्वदेशीचा आग्रह येथे केवळ भावनेचा नाही, तो राष्ट्राच्या सुरक्षेचा आहे. पाहुण्यांचे स्वागत मनापासून करावे, पण तिजोरीची किल्ली आपल्याच कनवटीला असावी.