पटकीचा जंतू आणि घरातील पाणी



काशीत आपण गंगेला आई म्हणतो. पण पाण्यावाटे पटकीही येते. तिचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू जठराम्लातून वाचला, की लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून विष सोडतो. हे विष कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिले. त्यामुळे पेशी शरीरातील पाणी व क्षार आतड्यात ओततात आणि काही तासांत जीव धोक्यात येतो. मात्र साखरेसोबत मीठ शोषण्याची आतड्याची शक्ती शाबूत राहते. म्हणून साखर-मिठाचे पाणी प्राण वाचवते. गंगाजलात हे जंतू मरतात, असे हॅन्किन यांनी १८९६ साली नोंदविले खरे. परंतु आज नदीत सांडपाणी मिसळत असताना त्यावर विसंबणे घातक ठरेल. श्रद्धा जपावी, मात्र मुलांना पाणी उकळूनच द्यावे, ही विनंती.