नाव कशासाठी?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



लिनियसची द्विनाम पद्धती जीवशास्त्राच्या तासाला आपण सगळ्यांनीच घोकली. त्या दोन शब्दांनी एका पक्ष्याच्या बाबतीत काय घडवलं, ते आज थोडक्यात सांगतो.

क्रॉसबिल हा चिमणीहून जरा मोठा पक्षी. त्याच्या चोचीची टोकं एकमेकांवर आडवी जातात. पाइनच्या शंकूचे खवले या चोचीने फाकवून तो जिभेने आतलं बी काढतो. १७५८ साली लिनियसने त्याला नाव दिलं ‘लॉक्सिया कर्व्हिरोस्ट्रा’. लॉक्सिया म्हणजे तिरपा, कर्व्हिरोस्ट्रा म्हणजे वाकड्या चोचीचा. युरोपपासून अमेरिकेपर्यंत आणि आपल्या हिमालयातही तो आढळतो.

पण ही सगळी एकच जात आहे का? १९९३ साली जेफ्री ग्रोथ यांनी उत्तर अमेरिकेतल्या क्रॉसबिलांचे उडतानाचे आवाज तपासून आठ गट वेगळे केले. त्यांच्या चोचीही कमीजास्त जाड होत्या. मात्र हे पक्षी बियांच्या शोधात दूरवर भटकतात, त्यांच्या जनुकांतला फरकही फार थोडा. म्हणून जात एकच मानली गेली.

आयडाहो राज्यातल्या कॅसिया परगण्यात क्रेग बेंकमन यांना आणखी एक गट सापडला. तिथल्या दोन छोट्या डोंगररांगांत पाइनच्या बिया फस्त करणाऱ्या लाल खारी नाहीत. त्यामुळे पाइनचा सामना मुख्यतः क्रॉसबिलशी. शंकूचे खवले जाड होत गेले, तशी चोचही दणकट झाली. हे पक्षी भटकत नाहीत आणि जवळजवळ नेहमी आपसांतच जोड्या जमवतात. २००९ साली त्यांना नाव मिळालं ‘लॉक्सिया सिनेसियुरिस’, म्हणजे ‘खारींविना’. २०१७ साली अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने ही स्वतंत्र जात मान्य केली.

तीनच वर्षांनी, २०२० मध्ये, त्याच डोंगरांत मोठा वणवा लागला. जुन्याच नावाखाली हे पक्षी मोजले असते, तर जगभर पसरलेल्या लाखो क्रॉसबिलांत ही हानी कुणाच्या लक्षात आली असती? वेगळं नाव होतं, म्हणूनच कळलं की या जातीला दुसरं घर नाही.

वर्गीकरण म्हणजे रुक्ष पाठांतर असं आपल्याला तेव्हा वाटायचं. कोण शिल्लक आहे आणि कोण धोक्यात आहे, याची मोजणी तिथूनच सुरू होते. ती नावं आपल्याकडून घोकून घेणाऱ्या सर्व सरांना आणि बाईंना मनापासून नमस्कार.