चुना टिकला, दगड झिजला



मुरूडहून होडीने पद्मदुर्गावर जाणाऱ्याने तटाचा दगड अगदी जवळून पाहावा. साडेतीनशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यापाण्याने दगडाच्या पोटात खोल खळगे पाडले आहेत. दोन दगडांमधली चुन्याची दरज मात्र जागच्या जागी उभी आहे. दगड मागे हटला, चुना पुढे राहिला, आणि भिंत जागोजागी मधाच्या पोळ्यासारखी दिसू लागली. सतराव्या शतकातल्या गवंड्यांनी चुना कसा मळला असेल, याचा हेवा वाटावा असं ते काम आहे.

याच चुन्यात भांगेच्या खोडाचे तुकडे मिसळून बनणाऱ्या हेम्पक्रीटचं नाव निघालं की पहिला प्रश्न येतो, ‘टिकेल का?’ प्रश्न रास्त आहे. पण रायगडच्या किनाऱ्यावर तो सिमेंटलाही विचारायला हवा. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत स्लॅबचे पोपडे आणि छज्ज्यातून डोकावणारी तांबडी सळई कोणी पाहिलेली नाही? हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये मुरत सळईपर्यंत पोचतं, गंजलेली सळई फुगते आणि वरचं आवरण फोडते. शिवाय जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के आहे.

हेम्पक्रीट म्हणजे भांगेच्या खोडातल्या लाकडी गाभ्याचे वाळवलेले तुकडे, चुना आणि पाणी. वाख काढून घेतल्यावर उरणारा हा गाभा. वाढताना झाडाने हवेतून घेतलेला कार्बन भिंतीत अडकून राहतो. चुना भाजताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो हे खरं, पण भिंतीतला चुना हवेतून त्याचा काही भाग परत घेत घेत दगडासारखा होत जातो. पद्मदुर्गाच्या दरजांमध्ये हेच घडलं. अशी भिंत घनमीटरला साधारण ३०० ते ४०० किलो भरते. काँक्रीट २,४०० किलो.

भांगेच्या टिकाऊपणाचा पुरावा तर महाराष्ट्रातच आहे. पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंह आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी वेरूळच्या लेण्यांतला गिलावा तपासला आणि त्यात भांगेचे अवशेष ओळखले. २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये ते संशोधन छापून आलं. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथली चित्रं किड्यांनी पोखरली. वेरूळच्या गिलाव्याला किडीचा तसा त्रास झाला नाही. देवगिरीच्या यादवकालीन गिलाव्यातही भांग सापडली.

तरीही वेरूळ म्हणजे मुरूड नव्हे. लेण्यातला गिलावा डोंगराच्या पोटात, पावसापासून दूर राहिला. आपल्याकडे चार महिने आडवी झड येते; ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने तर याच किनाऱ्यावरून जमीन गाठली. हेम्पक्रीटचा पहिला शत्रू अडकलेली ओल आहे. भिंत भिजली तरी चालते, ती वाळली पाहिजे. वरून सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट चढवला की आतला गाभा कुजायला लागतो. म्हणून आतून-बाहेरून चुन्याचाच गिलावा, उंच जोतं आणि रुंद वळचण ठेवायची. पावसाळ्यात भिंतीला नारळाची झापं लावणाऱ्या कोकणी माणसाला हे निराळं सांगायला नको. बांधकामाचा मोसमही पाळावा लागेल: दिवाळीनंतर भरलेल्या भिंतीला पावसाआधी वाळायला पुरेसे महिने मिळतात.

दुसरी मर्यादा ताकदीची. ही भिंत प्रति चौरस मिलिमीटर १ न्यूटनचाही दाब क्वचितच पेलते. साध्या एम-२० काँक्रीटची ताकद २० आहे. तेव्हा भार लाकडी किंवा अन्य सांगाड्यावर आणि हेम्पक्रीट फक्त मधल्या भरावात, ही वाटणी हवी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचा तट आठवावा: तिथे लाटांच्या माऱ्यात चुना न भरता नुसते मोठे दगड रचले, म्हणजे पाणी फटींत शिरून लाटेचा जोर मोडतो. कुठे चुना वापरायचा आणि कुठे नाही, हे या किनाऱ्यावरच्या कारागिरांना नेमकं ठाऊक होतं.

आता कच्च्या मालाची अडचण. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात वाख आणि बियांसाठी भांगलागवडीला परवानगी देण्याची मुभा आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये तिचा उपयोग केला, आणि पौडी गढवालमधल्या यमकेश्वर भागात हेम्पक्रीटची इमारतही उभी राहिली. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हा रस्ता अजून खुला नाही. त्यासाठी थांबून राहायचं कारण नाही. रायगड हा भाताचा जिल्हा. तूस इथे ढिगाने निघतं, त्यात सिलिका भरपूर असते आणि ते सहजी कुजत नाही. अंबाडी आणि तागाची खोडंही चुन्याबरोबर आजमावून पाहता येतील.

लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि कर्जतचं भात संशोधन केंद्र दोन्ही याच जिल्ह्यात आहेत. त्यांनी एकत्र येऊन मुरूडच्या किनाऱ्यावर, नैर्ऋत्येच्या वाऱ्याला तोंड करून, तीन भिंती उभ्या कराव्यात: एक भांगेची, एक तुसाची, एक सिमेंट ब्लॉकची. दर पावसाळ्याआधी आणि नंतर त्यांतली ओल मोजावी आणि आकडे मराठीत जाहीर करावेत, म्हणजे ते गवंड्यांपर्यंतही पोचतील. पहिल्या भिंतीचं काम येत्या दिवाळीनंतर सुरू व्हावं, आणि सभागृहात बसलेल्या प्रत्येक कंत्राटदाराने आपला एक तरी गवंडी तिथे चुना मळायला पाठवावा, ही या व्यासपीठावरून कळकळीची विनंती.